अक्काची दहा बोटं

परदेशात जायचं तर काय काय लागतं, ते सूनबाई मोबाईलमध्ये बघून मोठ्यानं वाचत होती आणि अक्का लाकडाच्या कारखान्यात कपाटाच्या दाराला पॉलिश पेपर मारता मारता ऐकत होती. पासपोर्ट लागतो. परतीचं तिकीट लागतं. ज्यानं बोलावलंय त्याचं पत्र लागतं, आणि बहिणीचं ऑपरेशन आहे म्हणताय तर इस्पितळाचा कागदही लागतो. फोटो लागतो, त्यात मागे पांढरी भिंत हवी, दोन्ही कान दिसायला हवेत आणि हसायचं नाही.

"हसायचं का नाही?" अक्कानं हात न थांबवता विचारलं.

"हसलं की चेहरा बदलतो म्हणे."

"आणि रडलं की?"

"त्याबद्दल काही लिहिलेलं नाही. पण आई, तुम्ही उगाच करून बघू नका."

पलीकडे रंधा मारणारे मिस्त्री इतक्या जोरात हसले की त्यांच्या मिशीवरचा भुसा उडाला.

"आणि शेवटचं," सून म्हणाली, "दहाही बोटांचे ठसे द्यायचे. तिथे जाऊन, काचेवर."

"एका अंगठ्यावर लोकांची घरंदारं विकली जातात, आणि यांना दहा लागतात?" अक्कानं हात उलटसुलट करून बघितले. "बरं झालं. करंगळीला कधी नव्हे तो मान मिळाला."

अक्का ही सगळ्यांचीच अक्का. मुळात ती फक्त एकीची होती, तिच्या धाकट्या बहिणीची. आई गेली तेव्हा धाकटी अजून बोबडं बोलत होती, आणि अक्काच्या स्वतःच्या दोन वेण्या घरातल्या कुणाला नीट घालता येत नव्हत्या. पोटात दुखतं म्हणून आईला ऑपरेशनला आत नेलं आणि ती काही बाहेर आली नाही. तेव्हापासून धाकटीनं जी हाक मारली तीच आधी घरानं, मग गल्लीनं आणि लग्नानंतर सासरनंही उचलली. नवरासुद्धा तिला अक्काच म्हणायचा. लोक हसायचे, पण त्याला त्याचं काही वाटायचं नाही.

नवरा मिस्त्रींच्या कारखान्यात पॉलिशवाला होता. मिस्त्री लाकूड कापून, जोडून उभं करायचे आणि हा त्याला रूप द्यायचा. पुढे स्पिरिटच्या वासानं त्याची छाती कोंडायला लागली, तेव्हा अक्का त्याला डबा द्यायला म्हणून गेली आणि टेबलाचा राहिलेला एक पाय घासून देते म्हणून खाली बसली. ती बसली ती बसलीच. नवरा गेला, मुलगा मोठा झाला, गाडीवर चालक म्हणून लागला, सून आली, तरी अक्काचा हात लाकडावरून उठला नाही. आधी जाड कागद, मग मध्यम, मग अगदी मऊ. मग स्पिरिटात विरघळवलेली लाख, कापडात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्यानं, थरावर थर. मधेमधे बोटांनी चाचपून बघायचं. गुळगुळीत झालंय का हे ती डोळ्यांनी कधी ठरवत नसे. डोळे फसतात, बोटं नाही, असं तिचं म्हणणं.

धाकटी लग्न होऊन सातासमुद्रापार गेली. तिचा नवराही लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. तिथल्या एका शाळेत ती लहान मुलांना सांभाळायची. आता तिच्या खुब्याचा सांधा पार झिजला होता आणि तो बदलायचा ठरला होता. तारीख मिळाली होती. तिथे अशा तारखा सहज मिळत नाहीत. एकदा सोडली की पुन्हा किती थांबावं लागेल ते देव जाणे.

"ऑपरेशन काय, रोज होतात," धाकटी फोनवर म्हणाली होती. "नंतर बघायला बाईपण मिळते. पण अक्का, मला त्या दारातून आत नेतील ना, तेव्हा कुणीतरी पाहिजे गं. तुला माहितीये."

अक्काला माहीत होतं. त्यामुळे तिनं "बघते" किंवा "जमवते" असं काहीच म्हटलं नाही. "येते," म्हणाली. आणि मग फोन ठेवून सुनेला विचारलं, "अगं, जायचं कसं असतं?"

तर असं ते सुरू झालं.

कागद एकेक करून गोळा झाले. फोटोत अक्का इतकी गंभीर आली की मुलगा म्हणाला, "आई, तुला व्हिसा देणार नाहीत, अटक करतील." ठसे द्यायचा दिवस ठरला. आणि आदल्या दिवशी अक्काचं लक्ष स्वतःच्या हातांकडे गेलं.

बोटं पार तपकिरी झालेली. लाखेचा रंग नखांच्या कडांत, बोटांच्या पेरांवर, भेगांत जाऊन बसलेला. एरवी तिला त्याचं काही वाटलं नसतं. पण उद्या पांढऱ्या शुभ्र काचेवर, परक्या देशाच्या सरकारपुढे हे हात ठेवायचे? लोक म्हणतील, बाई हात न धुता आली. साबणानं काही निघेना. मग तिनं तिच्या धंद्यातला जो उपाय होता तोच केला. स्पिरिटनं डाग सैल केले, आणि सगळ्यात मऊ पॉलिश पेपर घेऊन एकेक बोट घासून काढलं. कडेनं, टोकाला, मधोमध. लाकडाला जशी शेवटची सफाई करतात तशी. शेवटी बोटं अशी गुलाबी, गुळगुळीत निघाली की तिचं तिलाच नवल वाटलं. तान्ह्या बाळाची असतात तशी.

"झाले की नाही स्वच्छ?" तिनं सुनेला दाखवले.

"चकचकीत!" सून म्हणाली. तिला तरी काय ठाऊक!

व्हिसाच्या केंद्रात सगळं काही हळू आवाजात चालत होतं. खुर्च्यांची रांग, भिंतीवर नंबर दाखवणारा दिवा, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एकेक फाईल. अक्काला वाटलं, देवळात बसतात तसे बसलेत सगळे. प्रत्येकाचं मागणं वेगळं, पण चेहरा एकच. नंबर लागला तशी ती उठली. खिडकीत एक तरुण मुलगी होती, गळ्यात ओळखपत्र, केस घट्ट बांधलेले.

"मावशी, उजव्या हाताची चार बोटं इथे ठेवा."

अक्कानं ठेवली. काचेखाली हिरवा उजेड लागला. मुलीनं पडद्याकडे बघितलं, मग बोटांकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

"परत ठेवा."

परत ठेवली. मुलीनं काच पुसली. अक्काची बोटं कागदी रुमालानं पुसली. डावा हात घेतला. अंगठे घेतले. मग शेजारच्या खिडकीतल्या सहकाऱ्याला बोलावलं. त्यानंही बघितलं आणि ओठ पुढे काढले.

"काय झालं गं बाई?"

"मावशी, येत नाहीये काही."

"काय येत नाहीये?"

मुलीनं पडदा जरा तिच्या बाजूला वळवला. पडद्यावर चार राखाडी डाग होते. ओल्या पेल्याचे टेबलावर उमटतात तसे. मधे काही नाही. एक रेघ नाही.

"तुमचं काम काय?" मुलीनं विचारलं.

अक्कानं सांगितलं. काल रात्री हात कसे स्वच्छ केले तेही सांगितलं, जरा अभिमानानंच. आणि सांगता सांगता मुलीच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज हळूहळू खाली आला.

"अहो मावशी," मुलगी म्हणाली, "तुम्ही घासून टाकलंत की सगळं."

त्या मुलीला रागावता आलं असतं, पण ती रागावली नाही. ठशांशिवाय अर्ज पुढे जात नाही, तेव्हा आता काही दिवस जाऊ द्या, असं तिनं समजावलं. कातडी पुन्हा येते. हाताला काम देऊ नका. घासायचं नाही, स्पिरिट नाही, भांड्यांची पावडर नाही, रोज मलम लावा. मग परत या. अक्कानं ऑपरेशनची तारीख सांगितली. मुलीनं कॅलेंडरकडे बघितलं आणि "बसेल" म्हणाली, पण असं म्हणाली की त्यात "बसलं तर" हे शब्द ऐकू आले.

बाहेर आल्यावर अक्का पायरीवर बसली आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून बघत राहिली. आपल्या बोटांवर काहीतरी लिहिलेलं होतं आणि ते आपण आयुष्यभर रोज थोडं थोडं पुसत आलो, आणि काल एका बैठकीत उरलंसुरलं साफ करून टाकलं, हे तिला आजवर माहीतच नव्हतं. देवानं आईच्या पोटात असताना लिहून पाठवलेलं! "चुकलं रे बाबा," ती मनाशी म्हणाली. आणि लगेच तिच्या मनात आलं, पण लिहिलं होतं तरी काय?

कारखान्यात बातमी पोचली तेव्हा मिस्त्री म्हणाले, "यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण."

"तुम्ही हसा. तुमची बोटं मोजली तर साडेनऊच भरतात," अक्का म्हणाली. मिस्त्रींचं एक अर्धं बोट जुन्या करवतीनं नेलं होतं. "तुम्हाला तर दारातूनच परत पाठवतील."

"म्हणून तर मी जात नाही कुठे. एवढी साधी गोष्ट कळत नाही तुम्हाला."

आणि मग सुरू झाले रिकाम्या हातांचे दिवस. घरात सुनेचं राज्य आलं. भांड्यांना हात लावायचा नाही, कपड्यांना नाही, केरसुणीला नाही. अक्का ताटाकडे वळली की सून ओरडायची, "आई! ठसे!" मुलगा बूट घालता घालता म्हणायचा, "हाताची घडी, तोंडावर बोट." दिवसातून तीनदा मलम लागायचं. शेजारची बाई म्हणाली, "मजा आहे बाई तुमची, राणीसारखं बसायचं." अक्का म्हणाली, "राणी कशी बसते ते मला माहीत नाही, पण तिला घरात दुसरे हात असतील. मला हेच दोन."

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं अक्कानं एक वेगळंच काम काढलं. नवऱ्याचं जाड भिंग कपाटात होतं, बारीक अक्षर वाचायला तो वापरायचा ते. ते घेऊन ती लोकांची बोटं बघायला लागली. आधी सुनेची. तिच्या अंगठ्यावर भोवरा होता, पाण्यात खडा टाकल्यावर उठतो तसा, आणि शेजारच्या बोटावर नुसतीच कमान. "अगं, तुझ्या दोन बोटांचं एकमेकांशी पटत नाही," तिनं सांगितलं. मुलाच्या बोटांवर रेघा ठळक, आणि एकावर थेट वळणाचा रस्ता, तो कडेपर्यंत जाऊन परत फिरलेला. गल्लीतल्या शिंपीकाकांच्या डाव्या हाताच्या बोटाला सुईचे बारीक ठिपके. भाजीवालीचे हात मातीनं भरलेले, पण ती म्हणाली, "बघा, बघा, त्यात माझं नशीब सापडलं तर सांगा." शेजारणीनं बोट पुढे केलं आणि मग एकदम मागे घेतलं. "नको बाई. काय बघता, काय नाही."

"रेघा बघते गं. तुझी पापं नाही."

एवढी बोटं बघितली पण एकासारखं दुसरं निघेना. अक्काला आश्चर्य वाटत राहिलं. आणि लाकडं? तीही तशीच. एकाच झाडाच्या दोन फळ्या घेतल्या तरी रेघ सारखी नसते. मिस्त्री कपाटाला दोन दारं लावताना किती वेळ जुळवत बसतात. पण लाकूड घासलं की रेघ उठून दिसते. माणूस घासला की पुसली जाते. असं का? हा प्रश्न तिनं मिस्त्रींना विचारला.

"लाकूड मेलेलं असतं म्हणून," ते म्हणाले, आणि मग स्वतःच जरा थांबून, "किंवा काय असेल कोण जाणे."

या सगळ्यात मिस्त्रींची पंचाईत झाली होती. एका डॉक्टरांच्या जेवणाच्या टेबलाचं काम येऊन पडलं होतं, आणि अक्कासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. दुसरा एक पॉलिशवाला आणून बघितला, तर त्यानं थर इतका जाड दिला की टेबल घामेजल्यासारखं दिसायला लागलं. ते सगळं काढावं लागलं. एका संध्याकाळी मिस्त्री घरी आले. चहा प्यायले. मग कप खाली ठेवून म्हणाले,

"अक्का, एकच हात. नुसता शेवटचा. हातमोजे घालून करा वाटलं तर."

अक्काचे हात मांडीवर होते, पण उजव्या हाताची बोटं लुगड्याच्या काठावरून पुढेमागे फिरत होती, हे सुनेनं बघितलं.

"मिस्त्रीकाका," सून म्हणाली, "त्या नाही करणार. मी करते. त्या सांगतील."

दुसऱ्या दिवशी अक्का कारखान्यात स्टुलावर बसली आणि सून टेबलासमोर उभी राहिली.

"रेघेबरोबर जा. आडवं नाही जायचं."

"किती दाबू?"

"फार नाही."

"फार म्हणजे?"

"अगं, लाकूड सांगतं ते."

"मला नाही काही सांगत."

"नवीन माणसाशी बोलत नसेल," मिस्त्री लांबून म्हणाले.

अक्का विचारात पडली. खरंच, किती दाबायचं? इतकी वर्षं केलं, पण तिनं ते कधी शब्दांत विचारलंही नव्हतं नि सांगितलंही नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "झोपलेल्या लेकराच्या पाठीवरून हात फिरवतो ना, ते उठू नये पण त्याला कळावं, तेवढं." सुनेचा हात जरा हलका झाला. मग जरा आणखी. टेबल काही अक्काच्या हातचं झालं नाही, पण घामेजलेलंही राहिलं नाही. डॉक्टरांनी नेलं. त्यांना काही फरक कळला नाही, आणि त्याचं मिस्त्रींना थोडं वाईटच वाटलं.

ते टेबल जायच्या आधी अक्कानं सवयीनं त्यावरून बोटं फिरवली आणि दचकून हात मागे घेतला. टेबल तिला खरबरीत लागलं. पुन्हा फिरवली. मग घरी येऊन तिनं तिच्याच हातचं जुनं कपाट चाचपलं, तर तेही खरबरीत! जे आजवर काचेसारखं वाटत होतं त्यात बारीक बारीक उंचवटे, खळगे. तिनं भिंग आणलं, खिडकीशी गेली. करंगळीच्या टोकाला, अगदी बारीक, भाताच्या कणीवर असावी तशी रेघ होती. तिच्या बाजूला दुसरी.

"सूनबाई!" तिनं इतक्या जोरानं हाक मारली की सून ओल्या हातांनी धावत आली. "आल्या गं, आल्या!"

"कोण आल्या?"

"रेघा!"

रोज सकाळी भिंग घेऊन खिडकीशी बसायचं, हे मग तिचं व्रतच झालं. आज अनामिका, उद्या मधलं बोट. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट मात्र अडून बसले होते. कामाची सगळी सवय त्यांनाच. तिकडे धाकटी रोज फोन करून विचारायची, "आज कुठवर आलं?" जसं काही पीक उगवतंय. फोन ठेवताना मात्र एकदा तिचा आवाज बारीक झाला. "नाहीच जमलं तर सांग हं अक्का. मी माझं मन तयार करीन." अक्का म्हणाली, "तू मन कशाला तयार करतेस. मी बोटं तयार करतेय ना."

ऑपरेशन अगदी जवळ आलं तेव्हा ती पुन्हा त्या हळू आवाजाच्या खोलीत गेली. या वेळी हात नुसते पाण्यानं धुतलेले, नखांच्या कडांत अजून जुना तपकिरी रंग. खिडकीत तीच मुलगी होती. तिनं ओळखलं.

"काय मावशी, घासलं नाहीत ना?"

"नाही गं बाई. आंघोळसुद्धा भीत भीत केली."

डाव्या हाताची चारही बोटं एका दमात आली. अक्का मनातल्या मनात देवाचं नाव घेत होती. मग उजवा हात. पडद्यावर काहीतरी उमटलं, पण फिसकटलेलं.

"हात हलवू नका."

"हलवत नाहीये."

"हलतोय, मावशी."

अक्कानं खाली बघितलं. आणि खरंच, तिचा उजवा हात काचेवर अगदी हलके पुढेमागे जात होता. सपाट, थंड, गुळगुळीत काही हाताखाली आलं की तो फिरायलाच लागायचा. तिला विचारायचा नाही. तिनं दात आवळून हात रोखला, तर दाब वाढला आणि बोटं चपटी झाली. "दाबू नका," मुलगी म्हणाली. दाब कमी केला, तर हात पुन्हा चालायला लागला. मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला. रेघा आल्या, इतके दिवस जपून आणल्या, आणि आता हा हातच वैऱ्यासारखा वागतोय!

"थांबा," मुलगी म्हणाली. ती खुर्चीवरून उठली, बाजूचं छोटं दार उघडून बाहेर आली आणि अक्काच्या शेजारी उभी राहिली. तिनं आपला हात अक्काच्या हातावर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

"आता काही करू नका. माझा हात आहे तोपर्यंत तुम्हाला काही करायचं नाहीये."

अक्कानं डोळे मिटले. आपल्याला काही करायचं नाहीये, असं तिला कुणी म्हटल्याचं आठवत नव्हतं. हाताखालची काच थंड होती, वरचा हात उबदार. हात थांबला.

पडदा टिंग करून वाजला. अंगठ्यासाठी अजून दोनदा करावं लागलं, एकदा मुलीनं म्हटलं "जरा श्वास सोडा त्यावर", आणि तोही आला.

"बघू दे की मला," अक्का म्हणाली.

असं दाखवत नसावेत; पण मुलीनं पडदा वळवला. दहा बोटं, प्रत्येक मोठं, काळ्या रेघांचं. मधल्या बोटावर भोवरा. अनामिकेवर वळण. उजव्या अंगठ्यावर रेघा फिकट, आणि मधून एक पांढरी तिरकी चीर, कधीतरी लाकूड कोरायची पटाशी लागली होती तिची. अक्का खिडकीची कड धरून वाकून बघत राहिली. एवढ्या लोकांची बोटं बघून झाली, आणि आपली आज दिसत होती.

"ह्या आधीच्याच का गं? का नवीन?"

"आधीच्याच. कितीही घासल्या तरी खालून तशाच येतात म्हणे."

"खालून कुठून?"

मुलगी हसली. "ते आम्हाला शिकवत नाहीत, मावशी."

व्हिसा आला. विमानात अक्कानं खिडकी, पट्टा, ट्रे आणि शेजारच्या माणसाचे बूट हे सगळं बघून घेतलं, आणि ट्रेचं झाकण लाकडाचं दिसतं पण लाकूड नाही हे बोटानं ओळखलं. उतरल्यावर लांबलचक रांग आणि शेवटी काचेच्या पेटीत बसलेला एक धिप्पाड माणूस. त्याची भाषा तिला येत नव्हती, तिची त्याला नाही. त्यानं पासपोर्ट बघितला, फोटोतल्या अटक करण्याजोग्या बाईकडे बघितलं, समोरच्या बाईकडे बघितलं आणि चार बोटं हवेत धरून दाखवली.

पुन्हा काच! इथे वरून हात ठेवायला कुणी नव्हतं. तिनं डावा ठेवला, झालं. उजवा ठेवला. माणसानं मान हलवली, पुन्हा ठेवायची खूण केली. हात निघाला होताच चालायला. अक्का त्याला मनातल्या मनात म्हणाली, अरे बाबा, तुला काही करायचं नाहीये. थांब. तिनं श्वास सोडला आणि हात काचेवर पडू दिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

माणसानं पडद्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग शिक्का उचलून आपटला आणि काहीतरी बोलला, ज्याचा अर्थ "या" असाच असणार, कारण पुढचं फाटक उघडलं.

बाहेर धाकटी काठी टेकून उभी होती. केस पांढरे झालेले, जाड झालेली, पण खालचा ओठ तसाच पुढे. पिशव्या, काठी आणि दोन म्हाताऱ्या यांची इतकी गुंतागुंत झाली की एका परक्या माणसानं येऊन काठी उचलून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात धाकटीला हिरवा झगा घालून चाकांच्या खाटेवर निजवलं. लांब बोळ होता, त्याच्या शेवटी दोन फळ्यांचं दार. दारापर्यंत एकच माणूस येऊ शकतं, असं परिचारिकेनं धाकटीला सांगितलं. अक्का खाटेच्या बाजूनं चालत होती. दार जवळ आलं तशी धाकटीनं डोळे मिटले आणि हात वर केला. अक्कानं तो हातात घेतला.

धाकटीनं डोळे उघडले. तिचं बोट अक्काच्या बोटांवरून फिरलं आणि कपाळाला आठी पडली.

"हा कुणाचा हात?"

"माझा. दुसरा कुणाचा असणार?"

"तुझा असा नसतो. तुझा टोचतो." तिनं पुन्हा चाचपलं. "हा मऊ आहे गं. हा नको."

"सरकारी मंजुरीचा हात आहे हा," अक्का म्हणाली. "दोन देशांनी तपासून पास केलाय."

धाकटी हसली नाही. तिची बोटं अजून शोधत होती. मग अक्कानं हात सोडवून घेतला, उलटा फिरवला, आणि अंगठ्याच्या बुडाशी तळव्याची जी जाड गादी असते ती धाकटीच्या मुठीत दिली. तिथे मलमाचा काही इलाज चालला नव्हता. तिथला घट्टा अजून खणखणीत होता, कडेला भेगा आणि त्यांत तपकिरी रंग.

धाकटीनं तो चाचपला. एकदा, पुन्हा एकदा. तिची मूठ मिटली.

"हां," ती म्हणाली. "हा."

परिचारिका काहीतरी बोलली. दार उघडलं होतं, आतला पांढरा उजेड बोळात आला होता, आणि खाट काही पुढे सरकत नव्हती.

"काय म्हणतेय ती?" अक्कानं विचारलं.

"सोडा म्हणतेय आता," धाकटी म्हणाली. "तू धरलंयस का मी?"

"काय माहीत," अक्का म्हणाली. "बघते."